निरंतर एकत्रीकरण आणि स्वयंचलित प्रकाशन : मराठी मजकूर हाताळणाऱ्या लायब्ररीच्या संदर्भात

राहाता तालुक्यात शिर्डीच्या शेजारी निमगाव कोऱ्हाळे नावाचे गाव आहे. त्याच तालुक्यात कोऱ्हाळे आणि डोऱ्हाळे ही गावेही आहेत. ह्या नावांतील 'ऱ्ह' हे जोडाक्षर मराठी वाचकाच्या इतके अंगवळणी पडलेले असते, की त्यात काही विशेष आहे असे त्याला सहसा वाटत नाही. परंतु संस्कृतात ते नाही, आणि हिंदीच्या नेहमीच्या लेखनातही त्याला स्थान नाही. संस्कृतात 'र' हा जोडाक्षराचा पहिला घटक असला, की तो रफार होऊन पुढील अक्षराच्या डोक्यावर बसतो. मराठीत मात्र 'य' आणि 'ह' ह्यांच्यापूर्वी तो दोन प्रकारे येतो : एक रफाराच्या रूपाने आणि दुसरा, अक्षराच्या डाव्या अंगास पापणीच्या केसाप्रमाणे वळलेल्या आडव्या खुणेच्या रूपाने. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोलगट प्रदेश. 'आचार्यांना' दिलेली दक्षिणा निराळी आणि 'आचाऱ्यांना' दिलेली मजुरी निराळी. ही खूण विरळ आहे असेही नाही. 'री' हा वर्ण शेवटी असलेल्या पुल्लिंगी नामांचे सामान्यरूप होताना ती आपोआप उत्पन्न होते : शेतकऱ्याला, अधिकाऱ्यांनी, कर्मचाऱ्यांचे, व्यापाऱ्याकडून. कारभाराच्या मराठीत ती पानोपानी भेटते.

संगणकाच्या स्मृतीत अक्षरे आकृतींच्या रूपाने नसतात, संकेतांकांच्या मालिकेच्या रूपाने असतात. आणि 'कोऱ्हाळे' हा एकच शब्द युनिकोडमध्ये तीन तऱ्हांनी साठविता येतो. पहिल्या तऱ्हेत 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर (संकेतांक ०९३१) आणि त्यापुढे हलन्ताचे चिन्ह येते. दुसऱ्या तऱ्हेत साधा 'र' (०९३०), त्याचा नुक्ता (०९३सी) आणि मग हलन्ताचे चिन्ह येते. तिसऱ्या तऱ्हेत साधा 'र', हलन्ताचे चिन्ह आणि त्यापुढे 'झीरो विड्थ जॉइनर' ह्या नावाचे एक अदृश्य चिन्ह (२००डी) येते. ही तिसरी तऱ्हा युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीशी सुसंगती राहावी म्हणून प्रमाणात मान्य केलेली आहे. टंक नीट बनविलेला असेल तर पडद्यावर तिन्ही रूपे सारखीच दिसतात. पहिल्या दोन मालिका युनिकोडच्या व्याख्येनेच समतुल्य आहेत, आणि प्रमाणीकरणाच्या ठराविक प्रक्रियेने दुसरीचे रूपांतर पहिलीत होते. तिसरी मात्र त्यांच्याशी समतुल्य मानलेली नाही. प्रमाणीकरणाने ती जशीच्या तशी राहते.

आता एखाद्या प्रोग्रॅमने मजकूर 'स्वच्छ' करण्याच्या हेतूने त्यातील सर्व अदृश्य चिन्हे काढून टाकली, अशी कल्पना करावी. इंग्रजी मजकुराच्या बाबतीत हे कृत्य बहुधा निरुपद्रवी असते, व म्हणूनच ते सर्रास केले जाते. परंतु तिसऱ्या तऱ्हेने साठविलेल्या 'कोऱ्हाळे'तील अदृश्य चिन्ह गेले, की मागे 'कोर्हाळे' उरते. अक्षरे मोजूनही ही चूक उघडकीस येत नाही. पहिल्या तऱ्हेच्या शुद्ध शब्दात आठ संकेतांक असतात आणि बिघडलेल्या शब्दातही आठच. यूटीएफ-८ पद्धतीने साठविल्यास दोहोंची लांबी २४ बाइटच भरते. फरक असतो तो एका संकेतांकाचा, ०९३१ च्या जागी ०९३० येण्याचा. यादीत आपले गाव शोधणाऱ्यास ते सापडत नाही, आणि यंत्र तर कसलीही तक्रार करीत नाही. ही मूक चूक पकडणार कोण आणि केव्हा, हा प्रस्तुत विषयाचा गाभा आहे.

मजकूर हाताळण्याचे असे काम प्रत्येक प्रोग्रॅममध्ये नव्याने लिहिले जात नाही. ते एकदाच लिहून लायब्ररीच्या रूपाने ठेवलेले असते. लायब्ररी म्हणजे इतर प्रोग्रॅमांनी बोलावून घ्यावयाच्या आज्ञावलींचा संच. तिला स्वतःचा पडदा नसतो आणि सामान्य माणसाला तिचे नावही ठाऊक नसते. संकेतांकांच्या मालिकेवरून टंकातील योग्य आकृती निवडून त्या योग्य स्थानी बसविण्याचे काम करणारी 'हार्फबझ' ही मुक्त लायब्ररी ह्याचे उत्तम उदाहरण होय. अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स, लिबरऑफिस ह्या सर्वांत ती वापरली जाते. मराठी मजकूर मोबाइलवर वाचणाऱ्या बहुसंख्य लोकांच्या डोळ्यांसमोरील रफार तिच्या हातून गेलेला असतो. अशा लायब्ररीत दोष शिरला तर तो एका कचेरीपुरता राहत नाही. ती ज्या ज्या प्रोग्रॅमांत गेली असेल तेथे तेथे तो जातो, आणि तिचे कर्ते मराठी वाचणारे असतीलच असे नाही. अनुप्रयोगाच्या कर्त्याला आपले वापरणारे निदान अंदाजाने माहीत असतात. लायब्ररीच्या कर्त्याला तेही नसतात. त्याने दिलेले वचन हे अनोळखी माणसांना दिलेले वचन असते.

निरंतर एकत्रीकरणाची कल्पना

ज्याला व्यवहारात 'कंटिन्युअस इंटिग्रेशन' म्हणतात त्याचा अर्थ नावातच आहे. अनेक जण एकाच आज्ञावलीवर निरनिराळ्या ठिकाणी काम करीत असता प्रत्येकाचे काम एकमेकांत मिसळावे लागते. हे मिसळणे शेवटी एकदाच न करता रोजच्या रोज, थोडे थोडे, आणि दर वेळी यंत्राकडून संपूर्ण तपासणी करवून करावे, असा त्याचा आशय आहे. १९९० च्या दशकाच्या आरंभी ग्रेडी बूच ह्यांच्या लेखनात ही संज्ञा येते. केंट बेक ह्यांनी त्याच दशकाच्या उत्तरार्धात 'एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग' ह्या पद्धतीत तिला आचाराचे रूप दिले, आणि मार्टिन फाउलर ह्यांच्या २००० सालच्या लेखाने तिचा प्रसार झाला. २००१ साली 'क्रूझकंट्रोल' हे ह्या कामाचे साधन आले; पुढे २००५ च्या सुमारास कोह्सुके कावागुची ह्यांचे 'हडसन' आले, जे २०११ पासून 'जेन्किन्स' ह्या नावाने ओळखले जाते; आणि २०१९ अखेर 'गिटहब ॲक्शन्स' सर्वांना खुले झाल्यापासून तर मूळ संग्रह ठेवण्याची जागा व तपासणीची जागा एकच झाली. साधनांचा हा इतिहास येथे अधिक लांबविण्याचे कारण नाही. मात्र साधन बसविले म्हणजे आचार आला, असा समज बराच पसरलेला आहे. तो चुकीचा आहे. महिनाभर वेगळी ठेवलेली शाखा रोज रात्री यंत्राने तपासली, तरी तिचे एकत्रीकरण झालेले नसते.

एकत्रीकरणालाच इतके महत्त्व का, हे एका कल्पित उदाहरणावरून स्पष्ट होईल. मराठी ग्रामनामांचा शोध घेणारी एक छोटी लायब्ररी आहे असे समजू. तीत आलेला शब्द प्रथम एकरूप केला जातो, म्हणजे वर सांगितलेल्या तिन्ही तऱ्हा पहिल्या तऱ्हेत आणल्या जातात, आणि मग त्याचा शोध घेतला जातो. दोन सहकारी तीवर काम करीत आहेत. पहिल्याला असे आढळते की इतर ठिकाणांहून चिकटविलेल्या मजकुरात नाना प्रकारची अदृश्य चिन्हे येतात व त्यामुळे शोध फसतो. म्हणून तो एकरूपीकरणानंतर सर्व अदृश्य चिन्हे काढून टाकणारी एक पायरी जोडतो. त्याच्या शाखेत हे निर्दोष आहे, कारण तेथे 'ऱ' आधीच स्वतंत्र अक्षर झालेला असतो. दुसऱ्याला असे आढळते की काही जुन्या टंकांना तिसरी तऱ्हाच नीट दाखविता येते. म्हणून तो एकरूपीकरणाची दिशा बदलून तिन्ही तऱ्हा तिसरीत आणतो. त्याच्या शाखेतही हे निर्दोष आहे, कारण तेथे अदृश्य चिन्हे कोणी काढीत नाही. दोघांच्या चाचण्या उत्तीर्ण होतात. दोघांनी निरनिराळ्या फायलींत बदल केलेले असल्यामुळे मिसळताना कोठेही संघर्षाची सूचना मिळत नाही. आणि मिसळल्यानंतर प्रत्येक 'कोऱ्हाळे'चे 'कोर्हाळे' होते. ज्याने तो शब्द शुद्ध टंकलिखित केला त्याचेसुद्धा.

येथे चूक कोणाची, हा प्रश्न निरर्थक आहे. दोष पहिल्याच्या कामात नाही, दुसऱ्याच्याही नाही. तो दोहोंच्या मधल्या जागेत उत्पन्न झाला आहे, आणि त्या जागेवर कोणा एकाची मालकी नाही. दोघांनी आपले बदल त्याच दिवशी मुख्य शाखेत मिसळले असते आणि मिसळलेल्या रूपावर यंत्राने चाचण्या चालविल्या असत्या, तर दोष काही मिनिटांत हाती आला असता व तो कोणत्या दोन बदलांतून आला हेही त्याच वेळी कळले असते. सहा महिन्यांनी शोधू जाता तोच दोष शेकडो बदलांच्या ढिगाऱ्याखाली दबलेला असतो. चाचण्या बदलाच्या शाखेवर न चालविता ती शाखा मुख्य शाखेत मिसळल्यानंतर जे रूप होईल त्यावर चालवाव्यात, हा नियम ह्यातूनच निघतो. बहुतेक साधने आज तसे करतात; तथापि एखादा बदल तपासून झाल्यावर तो प्रत्यक्ष मिसळेपर्यंत दुसरा बदल मध्ये शिरला, तर तपासणी जुनी ठरते. म्हणून मोठ्या प्रकल्पांत बदलांची रांग लावून एकेक बदल त्याच्या आधीच्यासह पुन्हा तपासला जातो.

चाचणीत काय असावे

वरील परिच्छेदात एक गृहीत दडलेले आहे. यंत्राने दोष पकडला असता, परंतु चाचण्यांत 'कोऱ्हाळे' असता तरच. यंत्राला मराठी येत नाही. चाचणीत जे कोणी लिहून ठेवले असेल तेवढेच त्याला ज्ञात असते, आणि लिहून न ठेवलेले सर्व काही त्याच्या दृष्टीने ठीकच असते. तपासणीच्या फलकावरील हिरवी खूण 'निर्दोष आहे' असे सांगत नाही. 'विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे बरोबर आली' एवढेच सांगते.

प्रश्न कसा विचारावा ह्यालाही महत्त्व आहे. ग्रामनामांच्या लायब्ररीसाठी सहज सुचणारी चाचणी अशी : शब्दाच्या तिन्ही मालिका द्याव्यात आणि तिन्हींपासून मिळणारे रूप एकच असल्याची खात्री करावी. वरवर पाहता ही चाचणी पुरेशी वाटते. परंतु कल्पित उदाहरणातील बिघडलेली लायब्ररी हीत उत्तीर्ण होते! तिन्ही मालिकांचे तिने 'कोर्हाळे' केले, आणि तिन्ही एकरूप झाल्या. म्हणून चाचणीला दुसरे अंग हवे : मिळालेले रूप 'कोर्हाळे'पासून मिळणाऱ्या रूपाहून भिन्न असले पाहिजे. 'दऱ्या'च्या तिन्ही मालिका एकत्र आल्या पाहिजेत आणि 'दर्या' त्यांच्यापासून दूर राहिला पाहिजे. जे एकत्र यावयाचे त्याची तपासणी सर्वजण करतात. जे वेगळे राहावयाचे त्याची तपासणी बहुधा राहून जाते. भाषेच्या लायब्ररीत तर हे दुसरे अंगच अधिक मोलाचे, कारण भेद पुसून टाकणे हा संगणकीय 'स्वच्छते'चा स्वभावच आहे.

मजकूर दाखविण्याच्या कामाची चाचणी ह्याहून अवघड असते, कारण तेथे उत्तर शब्द नसून आकृती असते. 'हार्फबझ'मध्ये प्रत्येक चाचणी म्हणजे एक ओळ असते : कोणता टंक, कोणते पर्याय, कोणते संकेतांक, आणि त्यावरून अपेक्षित असलेल्या आकृतींची नावे व स्थाने. ओळ इतकी साधी असल्यामुळे लायब्ररीच्या अंतरंगाची माहिती नसलेला मनुष्यही ती वाचून तपासू शकतो. भारतीय लिप्यांची व्यवस्था त्या लायब्ररीत २०११-१२ च्या सुमारास नव्याने लिहिली गेली, तेव्हा मुख्य कर्ते बेहदाद एस्फाहबोद ह्यांनी विकिपीडियावरील शब्दांचे मोठे संग्रह घेऊन त्यांची मांडणी मायक्रोसॉफ्टच्या 'युनिस्क्राइब'च्या मांडणीशी ताडून पाहिली. प्रत्येक महत्त्वाच्या बदलाच्या नोंदीत, कोणत्या लिपीचे किती शब्द जुळले आणि किती जुळले नाहीत, हे आकडे ते लिहीत असत. त्या नोंदी आज वाचताना एका लिपीची चूक सुधारताना दुसरीची वाढलेली कशी दिसते, व पुढच्या नोंदीत ती कशी उतरते, हे पाहणे मोठे उद्बोधक आहे. भाषा न जाणणाऱ्या कर्त्याने भाषा जाणणाऱ्यांच्या लेखनाला साक्षीदार म्हणून उभे करण्याची ही रीत होय. अर्थात साक्षीदार चुकला तर निर्णयही चुकतो; विकिपीडियावर जो शब्दच नाही त्याची साक्ष निघत नाही, आणि दोन्ही व्यवस्था एकाच प्रकारे चुकत असतील तर जुळणीचा आकडा ते लपवितो.

महाराष्ट्रातील ह्याच प्रकारचे एक काम पुण्यात झाले. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेक ह्या संस्थेकडून आलेले 'लोहित' नावाचे भारतीय लिप्यांचे टंक रेड हॅट ह्या कंपनीने २००४ साली मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध केले. २०११ साली त्यांना ओपन फाँट लायसन्स हा टंकांसाठीचा खास परवाना देण्यात आला. पुढे रेड हॅटच्या पुणे येथील मंडळींनी ह्या टंकांची 'लोहित-२' ह्या नावाने पुनर्रचना केली. तीत दोन गोष्टी प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने लक्षणीय आहेत. जोडाक्षरे बनविण्याचे नियम पूर्वी टंकाच्या फायलीत गुंतलेले असत; ते वेगळे काढून साध्या मजकुराच्या फायलीत ठेवण्यात आले. त्यामुळे कोणी कोणता नियम बदलला हे ओळीने दिसू लागले, आणि ज्यात बदल ओळीने दिसतो त्याचेच एकत्रीकरण नीट करता येते. दुसरे असे की टंकाच्या मूळ संग्रहातच चाचणीच्या शब्दांची यादी, अपेक्षित निष्पत्तीची फाइल आणि दोहोंची तुलना करणारा छोटा प्रोग्रॅम ठेवण्यात आला, आणि तुलनेसाठी 'हार्फबझ'चाच उपयोग करण्यात आला. टंक आणि लायब्ररी ह्यांच्या मधली जी बेवारस जागा, तीवर अशा रीतीने पहारा बसला.

अपेक्षित निष्पत्तीच्या फायलीत एक मोह असतो. नियम बदलला की शेकडो ओळी जुळत नाहीशा होतात, आणि नवी निष्पत्ती हीच अपेक्षित निष्पत्ती म्हणून साठविण्याची आज्ञा एका शब्दाची असते. ती आज्ञा दिली की फलक हिरवा होतो, व त्या शेकडो ओळींत एखादी खरोखर बिघडलेली ओळ असली तर तिला प्रमाणाचा दर्जा मिळतो. निष्पत्ती बदलणारा हात आणि तो बदल मान्य करणारे डोळे भिन्न असावेत, आणि ते डोळे त्या लिपीचे वाचक असावेत, ह्याला दुसरा पर्याय दिसत नाही.

मराठीच्या बाबतीत आणखी एक गुंतागुंत आहे. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमालेची जी रूपे प्रमाण ठरविली, त्यांत 'ल' आणि 'श' ह्यांचे वळण हिंदीत रूढ असलेल्या वळणाहून वेगळे आहे. दोन्ही वळणांना संकेतांक एकच आहे. मजकूर मराठी असल्याचे प्रोग्रॅमने सांगितले तरच टंकातील मराठी वळण निवडले जाते. त्यामुळे 'शाळा' ह्या एकाच शब्दाला, भाषा घोषित केली असता एक आणि न केली असता दुसरी, अशा दोन अपेक्षित निष्पत्ती असतात. चाचणीच्या ओळीत भाषेचा उल्लेख नसेल तर मराठी वळण कायमचे नाहीसे झाले तरी चाचणी उत्तीर्णच होईल.

स्वयंचलित प्रकाशन

एकत्रीकरण झाले, चाचण्या उत्तीर्ण झाल्या, तरी लायब्ररी अद्याप लोकांच्या हाती पडलेली नसते. तिला आवृत्तीचा क्रमांक द्यावा लागतो, बदलांची नोंद लिहावी लागते, निरनिराळ्या संगणकांसाठी तिची बांधणी करावी लागते आणि सार्वजनिक भांडारात ती चढवावी लागते. हे सर्व एखाद्या कर्त्याने आपल्या संगणकावर हाताने केले तर काय बिघडते? बिघडते ते असे, की त्याच्या संगणकावर कोणत्या आवृत्तीची कोणती साधने होती, एखादी अर्धवट फाइल तशीच गेली काय, ह्याची नोंद कोठेही राहत नाही. जे तपासले ते एक आणि जे वाटले ते दुसरे, असे होऊ शकते.

ही शंका पुस्तकी नाही. २०२४ च्या फेब्रुवारी-मार्च महिन्यांत माहिती आकुंचित करणाऱ्या 'एक्सझेड' ह्या लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ ह्या आवृत्त्यांत चोरवाट घालण्यात आली होती. चोरवाटेचा एक भाग चाचणीसाठी म्हणून ठेवलेल्या फायलींत लपविलेला होता, आणि तो जागा करणारी बांधणीची आज्ञा मूळ संग्रहात नव्हतीच. ती केवळ वाटपासाठी बनविलेल्या गठ्ठ्यात होती. मूळ संग्रह कितीही बारकाईने वाचणाऱ्याला ती दिसली नसती. आंद्रेस फ्रॉइंड ह्या अभियंत्याला दूरस्थ प्रवेशाच्या क्रियेस सुमारे अर्धा सेकंद अधिक का लागतो असा प्रश्न पडला, त्याचा पाठपुरावा करता तो ह्या चोरवाटेपाशी पोहोचला, आणि २९ मार्च २०२४ रोजी त्याने ती उघड केली. गठ्ठा माणसाने न बनविता मूळ संग्रहाच्या खूण केलेल्या अवस्थेवरून यंत्रानेच बनवावा, आणि तोच गठ्ठा इतर कोणालाही पुन्हा बनवून ताडता यावा, ह्या आग्रहामागील कारण ह्या प्रकरणाने स्पष्ट केले. त्याचबरोबर चाचणीच्या फायलीदेखील विश्वासाने उघडाव्यात अशा नसतात, हेही त्यातून दिसले.

स्वयंचलित प्रकाशनाची नेहमीची रीत अशी आहे. कर्ता मुख्य शाखेतील एका अवस्थेला आवृत्तीची खूण करतो. ती खूण दिसताच यंत्र एका रिकाम्या, त्याच कामापुरत्या निर्माण केलेल्या संगणकावर मूळ संग्रह उतरविते, बांधणी करते आणि बांधलेल्या गठ्ठ्यावर पुन्हा चाचण्या चालविते. हा दुसरा फेरा अनावश्यक नव्हे. मूळ संग्रहात असलेली शब्दांची यादी गठ्ठ्यात समाविष्टच झाली नाही, ही चूक वारंवार घडते आणि ती येथेच सापडते. त्यानंतर गठ्ठा भांडारात चढतो. चढविण्याचा अधिकार सिद्ध करण्यासाठी पूर्वी दीर्घकाळ चालणारी गुप्त किल्ली यंत्रापाशी ठेवावी लागे, आणि ती किल्ली चोरीला जाणे हाच मोठा धोका असे. पायथन भाषेच्या लायब्रऱ्यांचे भांडार असलेल्या 'पायपीआय'ने २०२३ साली ह्याऐवजी अल्पकाळ टिकणाऱ्या परवान्याची व्यवस्था आणली. कोणत्या मूळ संग्रहातील कोणत्या कार्यक्रमाला चढविण्याचा अधिकार आहे एवढेच तेथे आधी नोंदवून ठेवावयाचे असते.

त्याच भांडाराचा एक नियम नवख्या कर्त्याला जाचक वाटतो, परंतु तो योग्य आहे. एकदा चढविलेल्या फायलीच्या नावाने पुन्हा दुसरी फाइल चढविता येत नाही, पहिली काढून टाकली तरीही नाही. चूक झाली तर नवा क्रमांक घेऊन नवी आवृत्ती काढावी लागते आणि जुनीवर मागे घेतल्याची खूण करावी लागते. छापून वाटलेल्या पुस्तकासारखेच हे आहे. शुद्धिपत्र जोडता येते, पण वाटलेल्या प्रती घरोघर जाऊन बदलता येत नाहीत.

आवृत्तीच्या क्रमांकाविषयी मात्र थोडा मतभेद नोंदविणे इष्ट आहे. टॉम प्रेस्टन-वर्नर ह्यांनी मांडलेल्या प्रचलित संकेतानुसार क्रमांकाचे तीन भाग असतात : जुन्या वापराशी विसंगत बदलासाठी पहिला, सुसंगत भरीसाठी दुसरा आणि केवळ दुरुस्तीसाठी तिसरा. बदलांच्या नोंदी ठराविक शब्दांनी सुरू केल्यास यंत्र त्यांवरून पुढील क्रमांक स्वतःच ठरविते, आणि अनेक प्रकल्पांत तसे केले जाते. भाषेच्या लायब्ररीत हे धोक्याचे आहे. समजा, ग्रामनामांच्या लायब्ररीत 'कोऱ्हाळे'ची वर वर्णिलेली चूक सुधारली. कर्त्याच्या दृष्टीने ही दुरुस्ती, म्हणून तिसरा भाग एकाने वाढवावयाचा. परंतु ज्या कचेरीने चुकीच्या रूपानुसार लक्षावधी नावांची सूची बनवून ठेवली असेल, तिच्या दृष्टीने ह्या दुरुस्तीनंतर नवे शोधरूप जुन्या सूचीशी जुळेनासे होते. तिला संपूर्ण सूची नव्याने करावी लागते. काल निदान दोन चुका एकमेकींस सापडत तरी होत्या. आज शुद्ध रूप अशुद्धाला शोधीत राहते. क्रमांकाचा कोणता भाग वाढवावा हा येथे व्याकरणाचा प्रश्न नसून साठविलेल्या माहितीचे काय होते ह्याचा प्रश्न आहे, आणि नोंदीच्या पहिल्या शब्दावरून तो सुटत नाही. प्रकाशनातील श्रम यंत्राकडे द्यावेत. हा एक निर्णय माणसाने स्वतःकडे ठेवावा.

विभागांतील संशोधनाच्या कामात

विद्यापीठीय विभागांत पदव्युत्तर प्रबंधासाठी लिहिल्या जाणाऱ्या आज्ञावलीला हे सर्व लागू पडते काय, अशी शंका घेतली जाते. एकट्या विद्यार्थ्याच्या कामात एकत्रीकरण कोणाशी, असा आक्षेपही असतो. वस्तुतः तेथेही दुसरा सहकारी असतोच. तो म्हणजे काळ. विद्यार्थ्याने काहीही बदलले नाही तरी त्याची आज्ञावली ज्या लायब्रऱ्यांवर उभी आहे त्या बदलत असतात. प्रबंध सादर होऊन विद्यार्थी गेल्यावर दोन वर्षांनी पुढच्या विद्यार्थ्याने तीच आज्ञावली चालवू पाहिली, तर ती एक तर चालतच नाही, किंवा चालते व वेगळे उत्तर देते. दुसरा प्रकार अधिक वाईट. मराठी मजकुरातील शब्दांची वारंवारता मोजणाऱ्या प्रबंधात 'शेतकऱ्याला' हा शब्द दोन तऱ्हांनी साठविलेला असल्यामुळे दोन वेगळे शब्द म्हणून मोजला जाणे, आणि पुढे लायब्ररीची आवृत्ती बदलताच ते दोन एक होऊन सर्व कोष्टकेच बदलणे, हे सहज घडू शकणारे आहे. कोष्टक बदलले की निष्कर्ष बदलला, आणि कोणते कोष्टक खरे हे सांगणारा कोणी उरत नाही.

ह्यासाठी मोठा खटाटोप लागत नाही. वापरलेल्या लायब्रऱ्यांचे नेमके क्रमांक एका फायलीत नोंदवावेत. प्रबंधातील प्रत्येक कोष्टक एका आज्ञेने मूळ माहितीपासून पुन्हा तयार होईल असे ठेवावे, व मूळ माहितीचा लहानसा नमुना घेऊन त्यावरून येणारे उत्तर चाचणी म्हणून लिहून ठेवावे. हा नमुना निवडताना सोपे शब्द निवडण्याकडे कल होतो. तेथे रफार आणि अर्धा 'र' ह्यांच्या जोड्या, नुक्ता, अनुस्वार व जोडाक्षरांचे क्वचित येणारे प्रकार हेतुपुरस्सर घालावेत. प्रबंधाची प्रत सादर होईल त्या दिवशीच्या अवस्थेला आवृत्तीची खूण करावी. आणि चाचण्या केवळ बदल झाल्यावरच नव्हे, तर महिन्यातून एकदा बदल नसतानाही चालाव्यात, दोन प्रकारे : एकदा नोंदविलेल्या जुन्या क्रमांकांच्या लायब्रऱ्यांसह आणि एकदा त्या दिवशी उपलब्ध असलेल्या नव्यांसह. पहिला फेरा फसला तर मूळ काम नष्ट होऊ लागले आहे असे समजावे. दुसरा फसला तर बाहेर काहीतरी बदलले आहे. ते कोणत्या लायब्ररीत बदलले हे शोधून, 'कोऱ्हाळे'ची एक ओळ त्या लायब्ररीच्या चाचण्यांत घालण्यासाठी तिच्या कर्त्यांकडे पाठविता येते. ओळ स्वीकारली गेली, की त्यापुढील प्रत्येक बदल त्या गावाच्या नावावरून जाऊ लागतो.